मास्तरांचे चोपन्न

"हात पुढे कर. असे नाही, पालथे. नखं दाखव. हं. बाहेरच थांब."

या आवाजाला चाळीस वर्षं उलटून गेली, तरी धाकट्याच्या कानातून तो काही गेला नाही. कुणाच्याही घराचा उंबरा ओलांडताना त्याचे हात आपोआप पालथे होत. शिंप्याच्या दुकानाची ती पायरी, आत पांढऱ्या कापडाचे तागे, गळ्यात टेप टाकलेला थोरला भाऊ. आणि बाहेर हा, जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून धावत आलेला, हातात भावाचाच डबा. डबा आत जायचा, हात बाहेर राहायचे.

थोरल्याला सगळे मास्तर म्हणत. सूट शिवावा तर मास्तरांनीच, असा त्यांचा लौकिक. धाकट्यालाही आईबापांनी एक नाव ठेवलं होतं, पण ते वापराविना झिजून गेलं. तीस वर्षं तो मुलाम्याच्या कारखान्यात टाक्यांवर होता. नळ, कड्या, गाड्यांचे बंपर. काळेकुळकुळीत आत बुडवायचे आणि चकचकीत बाहेर काढायचे. क्रोमच्या टाकीची वाफ त्याचं नाक आतून खात गेली. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलं, वास कायमचा गेला आणि श्वास घेताना नाक बारीक वाजू लागलं. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव सांगितलं. मास्तरांनी आखूड दिलं. शिट्टी. भरल्या बैठकीत, पाहुण्यांदेखत, मांडीवर ताल धरून ते गायचेसुद्धा:

"शिट्टी आला, शिट्टी आला,
टाकीत बुडून अर्धा झाला!"

पाहुणे हसत. शिट्टीही हसे. हसला की नाक आणखी जोरात वाजे, मग पाहुणे पोट धरून हसत.

त्या रविवारी सकाळी पुतणीचा फोन आला.

"काका, येता का जरा? बाबांचं ते कपाट रिकामं करायचंय. महिनाअखेर घर सोडतोय, आणि माझ्या दोन खोल्यांत ते धूड मावायचं नाही. शिवाय मंगळवारी त्या संग्रहालयाच्या बाई यायच्यात रेझर बघायला. पण बाबा किल्ली सोडायला तयार नाहीत. म्हणतात, आधी त्याला बोलव."

"मला?" शिट्टीचा जीव सुपाएवढा झाला. "मलाच बोलव म्हणाला?"

"हो." पुतणी घुटमळली. ती सरळ मनाची, खोटं बोलायची सवय नसलेली. "म्हणाले, घाण काढायला माणूस लागेल."

शिट्टी तरीही गेला. धुतलेला सदरा घालून गेला.

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांड्यांवर, आणि हात थरथरत होते. न दिसणाऱ्या सुईत न दिसणारा दोरा ओवायचा असावा आणि तो काही केल्या ओवला जाऊ नये, तसे. नऊ वर्षं झाली या कंपाला. आधी कात्री सुटली. मग एका सकाळी रेझर हनुवटीवर असा काही घसरला की पुढचा सदरा लाल झाला. त्याच दिवशी मास्तरांनी रेझरांचं कपाट बंद केलं, किल्ली दोऱ्यात ओवून बनियनच्या आत गळ्यात घातली, आणि नऊ वर्षांत कुणाला उघडू दिलं नाही. स्वतःही उघडलं नाही. आठवड्यातून एकदा पुतणी प्लास्टिकच्या स्वस्त रेझराने त्यांचे गाल खरवडायची. ज्या माणसाकडे एकशे एकतीस रेझर, त्याच्या गालांवर ही वेळ. पण हे त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

"आलास?" मास्तर म्हणाले. "मला वाटलं, किटली उकळतेय."

"आलो दादा."

"बायको गेल्यावर वाळलास अजून. आधीच काय मोठा होतास म्हणा! छातीचं माप कधी चौतिसाच्या वर गेलं नाही तुझं."

"बाबा," पुतणी म्हणाली, "किल्ली."

किल्ली निघाली. दोरा मानेवरून काढायलाही मास्तरांना जमेना, तेव्हा शिट्टीनेच तो काढला. दोरा अंगाच्या उबेने कोमट होता. क्षणभर शिट्टीला तो मुठीत धरून ठेवावासा वाटला. मास्तर त्या मुठीकडे बघत होते, म्हणून त्याने लगेच किल्ली फिरवली.

कपाटाला आठ पसरट खण. खणांना आतून हिरव्या लोकरी कापडाची बनात लावलेली, तीही मास्तरांनी स्वतःच्या हाताने, एखाद्या भारी कोटाला अस्तर लावावं तशी. प्रत्येक रेझरला त्याचा स्वतंत्र खिसा, खिशावर रेशमाने विणलेला आकडा. दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन, उकिडवं बसून, जुन्या पत्र्याच्या ढिगात हात घालून त्यांनी हे एकेक जमवलेलं. सोनेरी दांड्यांचे, चांदीच्या मुलाम्याचे, बूड पिळलं की डोकं दोन पाकळ्यांसारखं उमलणारे, प्रवासाच्या चपट्या डबीत मावणारे. लोक रोज सदरा बदलतात, मास्तर रोज रेझर बदलायचे. आणि दाढी झाली की दिवसभर गिऱ्हाइकाला गालावरून हात फिरवायला लावायचे. "बघा, मखमल आहे की नाही?"

पहिला खण उघडला.

"ई! कसला हा वास?" पुतणीने पदर नाकाला लावला. "कापरासारखा. आणि आंबट."

शिट्टीला वास आला नाही. त्याचे डोळे मात्र चुरचुरले, आणि डोळ्यांची ही चुरचुर तो झोपेतही ओळखला असता. तेजाबाची वाफ.

आत हिरवळ माजली होती. बनात जागोजागी विरून तिचे धागे लोंबत होते. खिशाखिशांतून रेझर निजले होते, आणि बहुतेकांच्या अंगावर हिरवी-निळी पूड फुलली होती. सोनेरी दांड्यांना देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे. पाकळ्या उमलायच्या त्या जागच्या जागी आखडलेल्या. दुसरा खण तसाच. तिसऱ्यात कारण सापडलं. एका रेझराची दांडी हस्तिदंतासारखी पिवळसर असायची; ती आता पाघळून, भेगाळून, चिकट होऊन बनातीला डसली होती. हस्तिदंत कसला, जुनं सेल्युलॉइड ते. म्हातारं झालं की घाम गाळतं, आणि त्या घामाची वाफ म्हणजे तेजाबच. उघड्यावर असतं तर निघून गेली असती. बंद कपाटात नऊ वर्षं ती एका खणातून दुसऱ्यात हिंडत राहिली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना खात राहिली.

"काय झालं? अरे बोल की! नाकाने नको, तोंडाने बोल," मास्तर खुर्चीतून मान उंचावत होते.

"दादा, खराब झालेत."

"सगळे?"

शिट्टी उत्तर देणार होता, पण त्याची नजर एका जागी थबकली. हिरव्या पुडीत एक रेझर स्वच्छ होता. पुसायचीही गरज नाही असा. अंगावर संथ, दुधाळ चमक. शेजारचा सडलेला. त्यापलीकडचा पुन्हा स्वच्छ. त्याने चौथा खण ओढला, पाचवा ओढला. सडलेल्यांच्या मधे-मधे, अंधारलेल्या घरांच्या रांगेत एखाद्या खिडकीत दिवा असावा, तसे ते. आणि एकेक दिसू लागला तसा शिट्टीचा हात पुढच्या खणावर रेंगाळू लागला. कारण त्यातला प्रत्येक त्याला ओळखीचा होता. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. चोपन्न असणार.

मास्तरांनी पहिला रेझर बाजारातून आणला, तेव्हा तो शिट्टीच्या हातात देऊन ते म्हणाले होते, "तुमच्याकडे कसली-कसली पाणी असतात ना, त्यात नुसता धुऊन आण." भावाने त्याच्यावर सोपवलेलं ते पहिलंच काम. शिट्टीला इतका आनंद झाला की त्याने साध्या सोड्याच्या पाण्याऐवजी, अधिक स्वच्छ निघावा म्हणून, तो तेजाबात टाकला. वर काढला तर जुना मुलामा पापुद्र्यांसारखा सुटून आलेला, खालचं पितळ उघडं पडलेलं. त्याच्या पायांखालची जमीन सरकली. जुनी वस्तू जमवणाऱ्याला जुना मुलामाच हवा असतो, तो गेला की वस्तूचं प्रेत होतं, हे मास्तरांनीच त्याला तासभर ऐकवलं होतं.

मग त्याने काय करावं? जे येत होतं ते केलं. सुट्टी झाल्यावर थांबून तांब्याच्या पाण्यात बुडवून थर बसवला, वर निकेलचा थर दिला, भीतीपोटी दुप्पट दिला. चमक डोळ्यांत भरू नये म्हणून राख आणि तेल लावून चिंधीने घासत बसला, रेझर ऐंशी वर्षांचा दिसेपर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवरून तो आत दिला.

मास्तरांनी तो उजेडात धरला. त्यांचा चेहरा असा उजळला की तसा शिट्टीने आयुष्यात पाहिला नव्हता. "बघितलंस? मातीखाली असा होता! माझी नजर म्हणजे काय आहे!" आणि त्या दिवशी, फक्त त्या दिवशी, शिट्टीला आत बोलावून स्टुलावर बसवून चहा पाजला.

त्या चहासाठी तो पुढे वीस वर्षं करत राहिला. जे रेझर बऱ्या अवस्थेत यायचे ते नुसते धुवायचा. ज्यांचा मुलामा मातीखाली उडालेला, पितळ उघडं पडलेलं निघायचं, त्यांना नवं अंग द्यायचा. चहा पुन्हा कधी मिळाला नाही. पण मास्तरांच्या चेहऱ्यावरचा उजेड तेवढा मिळायचा. तो रेझराकडे बघून पडलेला असायचा, तरी पायरीवर उभं राहून दिसायचा.

आता नऊ वर्षांच्या वाफेने खरे मुलामे खाल्ले होते. पातळ होते बिचारे, दुसऱ्या कुणाच्या काळातले. टिकला होता तो शिट्टीचा दुप्पट थर.

"दाखव इकडे," मास्तर म्हणाले.

शिट्टीने टेबलावर जुनी चादर अंथरून सगळे मांडले. एका बाजूला सत्त्याहत्तर सडलेले. एका बाजूला चोपन्न. मास्तर एका ढिगावरून दुसऱ्यावर नजर फिरवत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि पुतणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाली. तेवढ्यात ते हसले.

"कळलं," ते म्हणाले. "काळ म्हणजे काय परीक्षक आहे! बघ, बघ रे शिट्ट्या. हे चोपन्न अस्सल. त्या काळातलं काम. शंभर वर्षं झाली तरी अंगाला डाग नाही. आणि हे," त्यांनी थरथरत्या बोटाने दुसरा ढीग दाखवला, "हे नकली. कुणीतरी तुझ्यासारख्याने टाकीत बुडवून सजवलेले. बाजारवाल्यांनी मला फसवलं."

"दादा, तसं नसतं. हे सेल्युलॉइड..."

"मला शिकवू नकोस! कापड धुतल्यावर रंग कुणाचा जातो? कच्च्याचा. पक्क्याचा जातो का?"

सडलेल्या ढिगात तो उमलणारा रेझर होता. त्याच्यासाठी मास्तर ओळीने तीन रविवार बाजारात बसले होते. मिळाला तेव्हा घरभर नाचले होते. शिट्टीने तो हळूच त्यांच्या पुढे सरकवला. "हा तरी ठेव. हा तुझा लाडका."

मास्तरांनी तो ओळखला. ओळखलं हे त्यांच्या पापण्यांवरून दिसलं. मग त्यांनी तोंड वाकडं केलं. "इतकी वर्षं मला उल्लू बनवत होता. पोत्यात भर सगळे. त्या बाईंनी हे पाहिले तर म्हणतील, म्हाताऱ्याला कळत नव्हतं."

"बाई येईपर्यंत राहू देत ना, बाबा," पुतणी म्हणाली.

"संग्रहालयात माझं नाव लागायचंय. काचेवर. दुकान गेलं, हात गेले, आता एवढंच राहिलंय. त्या नावाखाली मला खोटं नको आहे." हे म्हणताना मास्तरांचा आवाज चिरकला, आणि शिट्टीला पहिल्यांदाच भाऊ म्हातारा झालेला दिसला.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. शब्द जिभेच्या टोकावर आले होते. दादा, उलटं आहे. हे पोत्यात नको, ते पोत्यात. तेवढ्यात मास्तर पुतणीकडे वळून म्हणाले, "याला आठवतं का विचार, याच्या लग्नातला कोट? डावी बाही इंचभर आखूड!"

"पुरे ना बाबा."

"अगं ऐक तर. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड उरलं होतं, बाहीला कमी पडलं. मी याला म्हटलं, कोट बरोबर आहे, तुझा हातच आखूड आहे. आणि या येड्याने खरं मानलं! दोन वर्षं हा डावा हात ओढून-ओढून चालत होता!" मास्तर हसता-हसता खोकू लागले.

दोन नाही, सात. सात वर्षं. मग एका दुपारी बायकोने सुतळी घेऊन त्याचे दोन्ही हात मोजले होते, खांद्यापासून बोटापर्यंत. दोन्ही सारखे. ती रडली होती, तो नाही. तो म्हणाला होता, दादाची मापात चूक झाली असेल.

चूक नव्हती म्हणजे. आज कळलं.

शिट्टीने पोतं आणलं आणि भरायला घेतलं. एकेक उचलून, आवाज न करता. नेहमीची भंगारवाली खाली गाडी लावून उभी होती. पोतं त्याने स्वतः जिन्यावरून खाली नेलं. तिने तोंड उघडून आत पाहिलं. "पितळ दिसतंय. वितळायला आजच जाईल. देताय ना नक्की?"

शिट्टी तिथे उभा राहिला. वर खिडकीत मास्तरांचं डोकं दिसत होतं. एक हाक, आणि पोतं परत वर.

"नेऊन टाक," तो म्हणाला.

 जिना चढताना मात्र एका पायरीवर थांबून त्याने स्वतःशीच एक करार केला. मंगळवारी बाई येतील. बाईंसमोर दादाने एक शब्द बोलावा. भावाने सांभाळले म्हणावं. भावाने धुतले म्हणावं. नुसतं, हा माझा भाऊ, एवढं जरी म्हणाला तरी चालेल. मग हे गुपित माझ्याबरोबरच जाईल, काचेवर त्याचं नाव सुखाने लागो. एक शब्द. आयुष्यभर मागितला नाही, आता मनातल्या मनात मागतोय.

मंगळवारी बाई आल्या. मध्यम वयाच्या, हसऱ्या, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंचं त्यांचं संग्रहालय. कुलपं, कंदील, अडकित्ते, आणि आता रेझर. चोपन्न रेझर पांढऱ्या कापडावर रांगेत मांडलेले पाहून त्या दारातच थांबल्या.

"अहाहा! किती निगा राखलीय!"

मास्तरांनी कोट घातला होता. दाढीचे खुंट मात्र पांढरे वाढलेले. दोन दिवस त्यांनी पुतणीला हात लावू दिला नव्हता. बाईंनी भिंग काढून एकेक रेझर न्याहाळला. एका जागी त्या थांबल्या. "अक्षरं जरा बोथट वाटतात नाही यावरची?"

 शिट्टीच्या नाकाची शीळ थांबली.

"वापर, बाई, वापर," मास्तर म्हणाले. "माणसाच्या पायांनी पायरीचा दगडही झिजतो."

बाईंना वाक्य आवडलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. "काचेच्या पेटीत फार सुंदर दिसतील. पाटीवर तुमचं नाव, धंदा, आणि हे वाक्य." मग त्यांनी शिट्टीकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, हात पाठीमागे. "आणि हे?"

खोलीत नुसती बारीक शीळ वाजत होती. शिट्टी भावाच्या ओठांकडे बघत होता.

"हा होय?" मास्तर म्हणाले. "हा असतो इथे. सामान हलवायला बोलावलाय."

"काका आहेत माझे," पुतणी घाईने म्हणाली. "बाबांचे सख्खे भाऊ. मुलाम्याच्या कारखान्यात होते."

"अरे वा! मग या सगळ्याची देखभाल तुम्हीच..." बाईंचं पेन वहीवर टेकलं. "पाटीवर दोघांची नावं घालू या का?"

मास्तर मोठ्याने हसले. "दोघांची? बाई, काय थट्टा करता! तीस वर्षं याने नळ बुडवले. याच्या हातात अस्सल वस्तू दिली असती तर मातीमोल करून टाकली असती. म्हणून तर यातल्या एकालाही याचं बोट लागू दिलं नाही मी. कधीच नाही. विचारा त्याला. काय रे, दिलं होतं का कधी?"

"नाही," शिट्टी म्हणाला.

बाईंनी पेन उचललं. पुतणीने मान खाली घातली.

"मग तुमचा एक फोटो हवा पाटीवर," बाई म्हणाल्या. "पण ही दाढी..."

"थांबा. यातल्याच एकाने करतो."

"अहो, संग्रहालयात जायच्या वस्तू या."

"अजून माझ्या आहेत!" मास्तरांनी दिमाखात हनुवटीने एक रेझर दाखवला. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि मान न वळवता म्हणाले, "ये रे शिट्ट्या. तेवढं तरी जमतं का बघू."

पुतणीने गरम पाणी, साबण, ब्रश आणि नवं पातं आणून दिलं. बाई खिडकीपाशी कॅमेऱ्याचा ट्रायपॉड उभा करू लागल्या आणि पुतणी उजेडासाठी पडदे सरकवायला त्यांच्या मदतीला गेली. दोघी पाच-सहा पावलांवर, पाठमोऱ्या, आपसांत बोलत होत्या.

शिट्टीने भावाच्या कोटावर पंचा पसरला, कडा कॉलरमध्ये खोचल्या. साबणाचा फेस केला आणि दोन्ही गालांवर, ओठांवर, गळ्यावर गोल-गोल फिरवला. जवळून पाहिलं तर तो चेहरा त्यांच्या वडिलांसारखा दिसत होता. रेझरमध्ये पातं बसवून त्याने डावा गाल ताणला. हात स्थिर होता. टाक्यांवरच्या माणसाचा हात तो. तेजाबावर तीस वर्षं धरलेला, कधी न थरथरलेला. कानशिलापासून खाली एक पट्टा स्वच्छ निघाला, मग दुसरा.

"हळू," मास्तर फेसातून पुटपुटले. "बंपर नाही हा."

उजवा गाल झाला. ओठांवरचं झालं. "आता मान वर," शिट्टी म्हणाला. मास्तरांनी मान मागे टाकली. कंठमणी वर आला, कातडी ताणली गेली, आणि पातं त्या मण्याखाली टेकलं. आता बोलता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तर गप्प होते आणि शिट्टी त्यांच्या वर उभा होता.

"दादा, हलू नकोस," तो अगदी त्यांच्या कानाशी म्हणाला. आवाजात राग नव्हता. लहान मुलाला निजवताना असतो तसा मऊ आवाज. "ओरडूही नकोस, बाई ऐकतील. एक सांगायचं राहून गेलंय. तू पहिला रेझर धुवायला दिलास ना, तो माझ्या हातून तेजाबात गेला. सगळा मुलामा निघाला. मी घाबरलो. मग मी माझा चढवला आणि राख घासून जुना केला."

पातं एक बोटभर वर सरकलं. मास्तरांचे डोळे छतावरून खाली, कोपऱ्यात, त्याच्याकडे वळले.

"तू ओळखलं नाहीस. खूश झालास. मग मी करतच गेलो. एकूण चोपन्न केले. टेबलावर मांडलेत ते. ज्याने तुझी दाढी करतोय, तोही."

मास्तरांच्या घशातून कसलासा घरघर आवाज आला. शिट्टीने पातं उचललं, पंच्याच्या कडेला पुसलं, आणि पुन्हा त्याच जागी टेकवलं.

"झालं का हो तुमचं?" खिडकीकडून बाईंनी विचारलं. "उजेड छान आलाय."

"झालंच, एवढा गळा राहिलाय," शिट्टी मोठ्याने म्हणाला. मग पुन्हा वाकला.

"बाकीचे मी नुसते धुतले होते, दादा. त्यांना माझं काही लागलं नव्हतं. ते अस्सल होते, तो उमलणारासुद्धा. रविवारी पोतं भरताना मला सगळं माहीत होतं. खाली भंगारवाली मला विचारत होती, देताय ना नक्की म्हणून. तू वर खिडकीत होतास. तुला हाक मारता आली असती. मी मुद्दाम नाही मारली."